शंभर टक्क्यांची उफणणी

आमच्या गावच्या सरकारी हायस्कुलाचा मॅट्रिकचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागायचा, आणि तो कसा लावतात हे सगळ्या गावाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त आमच्या घराला. गावाचं नाव इथे लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यात, वणीकडच्या कापसाच्या पट्ट्यात अशी बरीच गावं आहेत, त्यातलं एक समजा. त्या शाळेचं नाव फुकटात छापून यावं अशी माझी मुळीच इच्छा नाही. मी ती शाळा मॅट्रिकच्या तोंडाशी सोडली आणि पुढचं सगळं आयुष्य इथे कोकणात, घरापासून दोन दिवसांच्या वाटेवर, नर्स म्हणून काढलं. वयाबरोबर राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही, लोणच्यासारखा मुरला.

आमचं घर जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागच्या वस्तीत होतं. बाबा जिनिंगमध्ये होते आणि माय हंगामात कापूस वेचायला जायची. दिवाळी सरली की जिनिंगचा भोंगा पहाटे वाजायचा आणि दिवसभर यंत्रांची अशी घरघर चालायची, की ती बंद पडली तरच आम्ही दचकायचो. बाबा घरी यायचे ते भुवया, मिशा, कानांवरचे केस पांढरे करून. माय त्यांना अंगणातच उभं करून फडक्यानं झटकायची आणि म्हणायची, "आला पाहा म्हातारा." बाबा तेव्हा पुरते चाळिशीचेही नव्हते. चुलीवर ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्च्या तेलातला तिखट भुरका. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मायनं आणलेली वांगी. इथल्या लोकांना मी साठ वर्षं सांगते आहे की अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या पडल्या पाहिजेत. ते मान डोलावतात आणि माशांकडे वळतात.

घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी लहान होते. बाबा नागपूरहून पांढरे कपडे मळवून परत आले आणि दोन गोष्टी ठरवून आले. एक, घरात जुने देव राहणार नाहीत. दुसरी, या घरात यापुढे कोणी अंगठा उठवणार नाही. देव त्याच आठवड्यात गेले. अंगठा जायला दीड वर्ष लागलं. वस्तीत संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग भरायचा, तिथे बाबा माझीच पाटी घेऊन जायचे. वाचन त्यांना शेवटपर्यंत नीट जमलं नाही, जोडाक्षर आलं की थांबायचे. पण सही त्यांनी अशी घोटली, की जिनिंगच्या पगारपत्रकावर ती बाकीच्यांच्या अंगठ्यांमध्ये मिरवणुकीसारखी दिसायची. "नारायण" मधल्या शेवटच्या "ण" ला ते एक लांब शेपूट काढत. माय म्हणायची, "कागद संपल तुमची सही करता करता." बाबा म्हणायचे, "संपू दे. दुसरा आणतीन."

आता त्या शाळेबद्दल. इमारत चांगली होती, दगडी होती, एवढं एकच चांगलं मला तिच्याबद्दल लिहिता येतं. प्रयोगशाळा नावाच्या खोलीत एक काचेचं कपाट होतं, त्याला कुलूप होतं, आणि किल्ली हरवू नये म्हणून ती कोणाला देत नसत. आम्ही रसायनशास्त्र काचेला नाक लावून शिकलो. इंग्रजीचे मास्तर खुर्चीत बसून गाइड वाचत आणि आम्ही उतरून घेत असू. मध्ये त्यांना झोप लागली तर मागच्या बाकावरून कोणीतरी वाक्य पुरं करून टाकायचं, तेही आम्ही उतरून घेत असू. गणिताचे मास्तर वर्गात उदाहरण अर्ध्यावर सोडत आणि उरलेलं अर्धं घरच्या शिकवणीत सोडवत. मला गणित आवडायचं. उरलेलं अर्धं मी स्वतःच सोडवायची, आणि उत्तर बरोबर आलं की त्या मास्तरांचं तोंड आंबट व्हायचं. अशा शाळेतून एकही मूल नापास होत नाही, हे आपल्या शिक्षणाचं केवढं मोठं रहस्य.

रहस्य असं होतं. दिवाळीनंतर मॅट्रिकच्या वर्गाची एक चाचणी व्हायची. कागदोपत्री ती सरावासाठी. पोरं तिला उफणणी म्हणत. खळ्यावर धान्य उफणताना फोल वाऱ्यावर उडून जातं, दाणा खाली पडतो, तसं. चाचणी झाली की हेडमास्तर यादी वाचत आणि ज्यांची नावं आली त्यांनीच बोर्डाचे फॉर्म भरायचे. बाकीच्यांना नापास म्हणत नसत. त्यांना "धोका" म्हणत. "याचा इंग्रजीत धोका आहे. हिचा सायन्समध्ये धोका आहे." मग धोक्याच्या पालकांना एकेक करून ऑफिसात बोलावणं जायचं आणि त्यांच्याकडून अर्ज घेतला जायचा, की आमच्या पाल्याचं नाव आम्ही स्वखुशीनं कमी करत आहोत. अर्ज कारकून पुंडलिकराव आधीच लिहून ठेवत. त्यांच्याकडे ठरलेली चार कारणं होती: शेतीचं काम, प्रकृती, लग्न, गाव सोडून जाणे. पोरगा असेल तर बहुधा शेती, पोरगी असेल तर डोळे मिटून लग्न. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला त्या वर्गात बाकं पुरत नसत आणि उन्हाळ्यात फाटकाजवळच्या फळ्यावर जी नावं रंगवली जात ती दोन हातांच्या बोटांवर मोजावीत एवढीच. खाली मोठ्या अक्षरात शंभर टक्के. वरून साहेब येत, फळ्यापाशी थांबत, हेडमास्तरांचा हात हातात घेत. फळ्यावर नसलेल्यांची चौकशी साहेबांनी केल्याचं मला आठवत नाही. चौकशी कोणाची करायची, ती पोरं तर स्वखुशीनं गेली होती.

माझा इंग्रजीत धोका निघाला. खोटं कशाला बोलू, निघायलाच हवा होता. जे मास्तरांना येत नव्हतं ते मला कुठून येणार. पण माझ्यापेक्षा कमी गुण असलेला कापसाच्या अडत्याचा मुलगा यादीत होता, कारण त्याच्या वडिलांनी शाळेला घड्याळ दिलं होतं. ते घड्याळही नीट चालत नसे. यादी वाचून झाल्यावर हेडमास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "वडिलांना घेऊन ये. फॉर्मबद्दल बोलायचं आहे." फॉर्म हा शब्द त्यांनी वापरला म्हणून मी आशेनं घरी गेले. वाटलं, माझ्या गणिताच्या गुणांमुळे काही विचार केला असेल. मॅट्रिक झाले तर वस्तीतली पहिली पोरगी होणार होते. मला याखेरीज दुसरं काही नको होतं, आणि बाबांना तर त्याहून नाही.

बाबा जेवणाच्या सुट्टीत जिनिंगमधून तसेच आले. मी शाळेच्या पायरीशी त्यांच्या भुवया झटकल्या. ऑफिसात गेलो तर हेडमास्तर उठून उभे राहिले. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं, कोणासाठीच. "या नारायणराव. बसा," ते म्हणाले आणि खुर्ची पुढे केली. गावात बाबांना बरा माणूस "नारायण" म्हणायचा आणि बाकीचे "नाऱ्या". बाबा आधी खुर्चीच्या पाठीला हात लावून उभेच राहिले. "बसा हो," पुंडलिकराव म्हणाले. बाबा टोकावर बसले. मग शिपायानं चहा आणला, निळ्या फुलांच्या कपबशीत, हेडमास्तरांना दिला तसल्याच. बाजारातल्या हॉटेलात बाबांच्यासाठी कान तुटलेला कप बाहेर खिळ्याला टांगलेला असे. बाबांनी बशीत ओतला नाही. कपानंच प्यायले, हळूहळू, हेडमास्तरांकडे बघत बघत, ते कसं पितात तसं.

हेडमास्तर माझं कौतुक करत होते. मुलगी शांत आहे, अक्षर चांगलं आहे, गणितात डोकं आहे. मग म्हणाले, "मुलीच्या कागदावर तुमची सही लागेल तेवढी." पुंडलिकरावांनी अंगठ्याच्या शाईची डबी समोर होती ती मुद्दाम बाजूला सारली आणि आपला पेन टोपण काढून पुढे केला. "नारायणराव सही करतात, साहेब," ते म्हणाले. "बघण्यासारखी करतात म्हणे."

मी बाबांच्या डाव्या अंगाला उभी होते. कागद माझ्याकडून सरळ दिसत होता. पुंडलिकरावांचं अक्षर वळणदार होतं, एका नजरेत वाचून झालं. माझ्या मुलीचे लग्न ठरले असल्याने तिचे नाव शाळेतून स्वखुशीने कमी करावे. मी वाचलं. हे आजवर फार थोड्यांना सांगितलं आहे. बाबांनी पेन हातात घेऊन तो जरा उजेडात धरला, बाही मागे सारली, त्या सगळ्याला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ माझ्यापाशी होता. मला फक्त "बाबा" म्हणायचं होतं. आणि मी बाबांकडे पाहिलं तर ते एव्हाना खुर्चीत मागे टेकून बसले होते. मला वाटलं, मी बोलले तर हे उठतील. ही खुर्ची, ही कपबशी, हे "राव" सगळं खोटं होतं हे त्यांना त्या दोघांच्या देखत कळेल. मी गप्प राहिले. बाबांनी सही केली, शेपूट लांबवर काढलं. हेडमास्तर म्हणाले, "वा."

बाहेर पडल्यावर बाबा शाळेच्या फाटकापर्यंत ताठ चालत आले. मग म्हणाले, "पाह्यलं का, इंदू? मानूस कदर करते. आपनच भेऊन राह्यतो." संध्याकाळी मायनं गुळाचा सांजा केला. तो मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी हजेरीत माझं नाव नव्हतं. तरी मी रोज दप्तर घेऊन निघायची आणि सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर जाऊन बसायची, कारण तिथे बसलेल्याला कोणी काही विचारत नाही. चौथ्या दिवशी तिथल्या नर्सबाईंनी विचारलं. त्यांचं नाव रूथबाई. आडव्या बांध्याच्या, आवाज असा की बाळंतीण बाई निम्मी त्यालाच घाबरून मोकळी व्हायची. "कोन बीमार हाय तुझ्या घरी?" "कोनी नाई." "मग रोज कायले येते? माशा मोजाले?" मी रडायला लागले तेव्हा त्यांनी समजूत घातली नाही. "रडायचं त आत येऊन रड, आन हे सुया उकळते का पाह्य, पानी आटू देऊ नको." मी पाणी आटू दिलं नाही. माझ्या आयुष्यात मी ज्यांचे पाय धरावे अशी जी दोन-चार माणसं झाली त्यांतली ही पहिली. ती कुठल्याही फळ्यावर नव्हती.

हे दोन आठवडे चाललं असेल. मग एके दिवशी माय नळावरून रिकामी घागर घेऊन परत आली. जिनिंगला बाजाराची सुट्टी म्हणून बाबा घरी होते.

"काहून वो, पानी गेलं का?" त्यांनी विचारलं.

"पानी हाय. मलेच उभं राहू वाटलं नाई." मायनं घागर आपटली. "बाया पुसून राह्यल्या, पोरीचं लगन जमवलं, आम्हाले सांगतलं बी नाई. जवाई कोन्या गावचा? म्या म्हटलं कोनाचं लगन? त म्हने शायेत लिवून देलं ना तिच्या बापानं, पुंडलिकबाबूच्या बायकोनं सांगतलं."

बाबा हसले. मग माझ्याकडे पाहून हसायचे थांबले. "इंदू. कोनतं लगन?"

मी सगळं सांगितलं: कागद, नाव कमी झालं ते, दवाखाना. फक्त एक ठेवून सांगितलं. "मले नंतर समजलं," मी म्हणाले. बाबांनी पायात वहाणा घातल्या आणि मला म्हणाले, "चाल."

शाळेत मधली सुट्टी होती. व्हरांड्यात पोरं होती, मास्तर होते, इंग्रजीचे सुद्धा जागे होते. बाबा ऑफिसाच्या दारात उभे राहिले. या वेळी खुर्ची कोणी पुढे केली नाही.

"काय रे नारायण?" हेडमास्तर म्हणाले.

"काई नाई गुरुजी. पोरीचं लगन ठरलं म्हनते ना, त म्हटलं जवाई पाहून यावं."

"काय?"

"जवाई. तुम्ही जमवलं ना लगन? मीनं सई बी केली. पोरगा काय करते? तारीख कोनती धरली? वऱ्हाड किती येनार, तसं जेवनाचं पाहा लागल मले."

व्हरांड्यात पोरं हसायला लागली. हेडमास्तरांनी पुंडलिकरावांकडे पाहिलं, पुंडलिकरावांनी कागदांकडे. "हे बघ," हेडमास्तर म्हणाले, "ती एक पद्धत असते. पुढच्या वर्षी बाहेरून बसव तिला."

"बसवतो ना. पन आधी जवाई दाखवा. का पोरगीच येगळी व्हती?"

फॉर्मची मुदत तेव्हा उलटून गेली होती. ते खरं असेल किंवा खोटं असेल, त्या ऑफिसातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरावरही माझा विश्वास नव्हता. पण व्हरांड्यातलं हसू हेडमास्तरांना झोंबत होतं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "पुंडलिकराव, कारण बदलून दाखला द्या आणि मोकळे करा."

पुंडलिकरावांनी नवा कागद घेतला. "प्रकृती लिहू?"

"पोरगी ठनठनीत हाय," बाबा म्हणाले.

"मग शेतीचं काम?"

"लिवा. शेत कुठं हाय ते बी लिवा, जाऊन कबजा घेतो."

पुन्हा हसू. पुंडलिकराव घामेजले होते. चारातली तीन कारणं संपली होती. रूथबाईंनी मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं की नागपूरला नर्सबाईच्या शिक्षणाला सातवी पास पोरी घेतात, पण लग्न झालेली किंवा ठरलेली चालत नाही. तेव्हा मी म्हणाले, "काका, गाव सोडून जाते असं लिहा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "कुठं जाऊन राह्यली तू?"

"नागपूरले."

त्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. पुंडलिकरावांनी लिहिलं. मी कागद त्यांच्या हातातून घेऊन मोठ्यानं वाचला, सगळा, वरच्या क्रमांकापासून, आणि मग बाबांनी सही केली. त्या शाळेनं लिहून दिलेलं आणि नंतर खरं झालेलं ते माझ्या माहितीतलं एकच वाक्य. आजही कोणताही कागद मी तीनदा वाचल्याशिवाय सही करत नाही. बँकेतली मुलगी कंटाळते. "आजी, तोच नेहमीचा फॉर्म आहे," म्हणते. असेल. मी वाचते.

उन्हाळ्यात शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. अडत्याचा मुलगाही पास झाला, आणि पुढे त्यानं काय केलं म्हणाल तर अडत. मी तोवर नागपूरला बिछाने बदलायला आणि ताप मोजायला शिकत होते. मला घालवून दिलं म्हणून मी इथवर आले, हे कोणी मला गोड करून सांगू नये. इथे सुद्धा एका नातेवाइकांनी सांगून पाहिलं. आभार मानायचे ते मी रूथबाईंचे मानते, आणि ज्या बायांनी परक्या मुलखातल्या परक्या पोरीच्या हातात आपली बाळंतपणं दिली त्यांचे. शाळेचे नाही. ती शाळा पोरांना शिकवत नव्हती, निवडत होती, आणि निवडायलाही तिला धड येत नव्हतं.

निघायच्या दिवशी मला नागपूरला पोचवायला रूथबाईच येणार होत्या. एसटीला उशीर होता. माय माझ्या भाकरीचं फडकं सोडून पुन्हा बांधत होती. बाबांनी मला जरा बाजूला, लिंबाखाली नेलं. वाटलं, जपून राह्य वगैरे सांगतील. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "त्या रोजी तू तो कागद वाचला व्हता ना?"

मला नाही म्हणता आलं असतं. "हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. लांबून मोटारीचा आवाज आला तेव्हा म्हणाले, "मले बी वाटलं व्हतं का कागदात काईतरी येगळं हाय. एवढा चहा कोनी उगाच नाई पाजत." मग माझी पेटी उचलून डोक्यावर घेतली आणि चालता चालता म्हणाले, "पन उठू वाटलं नाई, बाई."